सातवी ब गप्प बसली

३ ऑगस्ट
आज सातवी ब गप्प! फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते, पाठीमागे हूं की चूं नाही. अकरा वर्षं घसा फोडला. आता हाताची घडी घालून नुसती उभी राहते – बसतात मुकाट्याने! हेडबाई म्हणाल्या होत्या, "सहामाहीपर्यंत वर्ग आवरला नाही तर नव्या बाईंकडे देईन." द्या म्हणावं आता!

६ ऑगस्ट
शिपाई अगदी तोंडासमोर येऊन, "बाई, किती हाका मारायच्या?" घरी लेक चिडली – "आई, टीव्ही केवढा मोठा! शेजारी फुकटात ऐकतायत."

११ ऑगस्ट
शेजारच्या वर्गातले सर दारात, लालबुंद. "बाई, तुमच्या गोंगाटात शिकवायचं कसं?" वाटलं, थट्टा करतायत. वळले – मागची पोरं बाक बडवत होती, खिदळत होती. मला नुसती गुणगुण.

१२ ऑगस्ट
कानाचे डॉक्टर. दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेलेत. "मशीन लावा, आजच." म्हणजे वर्ग गप्प नव्हताच कधी! रिक्षात रडले.
मशीन घेतलं, पण कपाटात. हेडबाईंना दिसलं की वर्ग गेलाच. सहामाही होऊ दे, मग लावीन. तोवर पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोर आहे. दम्याने बेजार, पण गुणी. गोंधळ वाढला की मला डोळ्यांनी खूण करते.

१९ ऑगस्ट
फळ्याकडे तोंड होतं. पायाखाली धडधड जाणवली – बडवतायत बाक! म्हटलं, भाव द्यायचा नाही. मुद्दाम वळले नाही. पूर्ण उदाहरण सोडवलं. कुणीतरी बाही ओढली तेव्हा वळले. अख्खा वर्ग उभा. दोन वेण्यांची पोर खाली पडलेली, ओठ निळे. शिपायाने उचलून नेली.
चाळीस जोडी डोळे माझ्यावर. एवढं लक्ष कधीच नव्हतं.

२१ ऑगस्ट
पोर वाचली. हेडबाईंना सगळं सांगितलं, मशीनसकट. वर्ग नव्या बाईंकडे गेला. बरंच झालं.

२६ ऑगस्ट
मशीन लावून शाळेत. जिन्यात दोन वेण्यांची पोर भेटली. खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "बाई, मी तुम्हाला किती हाका मारल्या."
शब्दन् शब्द ऐकू आला.