काकडीचं टोक आणि टचचा मोबाइल

माय, तुला लिहायला बसले आहे ती दुकानात, भर दुपारी. उन्हामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही, समोरच्या रसवंतीचं चाकसुद्धा थांबलं आहे, आणि काउंटरच्या काचेवर हात टेकवला तर चटका बसतो. तुला हे दुकान माहीत नाही. मालेगावच्या बस स्टँडवरून बाजाराकडे जाताना पूर्वी जिथे नाणं टाकायच्या फोनचं खोपटं होतं, त्याच्याच शेजारी मी एवढासा गाळा घेतला आहे. पाटीवर मोबाइल, रिचार्ज आणि दुरुस्ती असं लिहिलं आहे. दुरुस्ती मला येत नाही, ती पाटी रंगवणाऱ्याने आपल्या मनाने लिहून टाकली. मी फोन विकते, आणि तेही महागडे नव्हे. ज्यांना टचचा मोबाइल तर पाहिजे, पण खिसा बेताचा आहे, ती माझी गिऱ्हाइकं. मला माल देणारा माणूस आज संध्याकाळी वाशीमहून येणार आहे, माझं उत्तर घ्यायला. तो यायच्या आत मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण भांडण त्याचं आणि माझं असलं तरी त्याचं मूळ तुझ्या टोपल्यात आहे.

तुझा आणि फोनचा संबंध आला तो त्या शेजारच्या खोपट्यात, एकदाच. मामा वाशीमला आजारी होता आणि तुला त्याचा आवाज ऐकायचा होता. मी नाणं टाकलं, नंबर लावला आणि फोन तुझ्यापुढे केला. तू तो लगेच घेतला नाहीस. आधी दोन्ही हात पदराला खसाखसा पुसलेस, पुन्हा उलटे करून पुसलेस, मग घेतलास. दुसऱ्याची चकचकीत वस्तू, तिला मातीचा हात कसा लावायचा, हे तुझं कायमचं. आणि मग जी ओरडलीस! "भाऊ, मी बोलून राह्यली! बरा हायेस का?" पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. मी तुझा पदर ओढला, म्हटलं, "माय, हळू बोल, त्याले ऐकू जाते." तू फोनवर हात ठेवून माझ्याकडे डोळे वटारलेस. "तुले काय ठाऊक? वाशीम काय इथं हाय?" मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ते आठवलं की एकटीच हसते, आणि हसता हसता तुझी इतकी आठवण येते की काउंटरखाली काहीतरी शोधत असल्यासारखं करावं लागतं.

पण मला सांगायचं आहे ते बाजाराच्या दिवसाचं. तू गोणपाट अंथरून बसली आहेस. एका बाजूला मेथी, तिच्यावर ओलं फडकं. मधे वांगी, आणि पायाशी काकड्यांचं टोपलं. शेजारी बसलेल्या सगळ्या जणी काकड्या तोलून थेट पिशवीत टाकतात. तू मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासमोर काकडीचं टोक कापतेस, एक चकती चाकूवरच पुढे करतेस आणि म्हणतेस, "खाऊन पाह्य, मंग घे." लोक टोक कापून घासतात, फेस काढतात, म्हणजे कडूपणा जातो म्हणे. तुझा त्यावर विश्वास नव्हता. गोड निघाली तर गिऱ्हाइकाची, कडू निघाली तर आपल्या टोपल्याच्या तळाशी. बाजार उठला की तळाशी साठलेल्या त्या काकड्या आपल्याबरोबर घरी यायच्या आणि त्यांची कोशिंबीर व्हायची. मी शाळेत होते, मला हिशेब नवा नवा कळायला लागला होता. मी म्हटलं, "बाकीच्या कोनीच कापत नाहीत. तूच काहून कापून राह्यली? आपलंच नुकसान करते." तू हातातला चाकू खाली ठेवलास. तू रागावलीस की आधी हातातली वस्तू खाली ठेवायचीस, म्हणून मी घाबरले. तू म्हणालीस, "ते बाई घरी जाईन, लेकराच्या ताटात काकडी वाढीन. कडू लागली तं लेकरू थुकीन. ते बाई मले शिव्या देनार नाही, सोताले देईन, का मले काकडी पारखता येत नाही. इकनारी मी, अन् गुन्हेगार ते?" मग चाकू उचललास आणि पुढच्या बाईसाठी टोक कापलंस. मला त्यातलं काही समजलं नव्हतं. घरी जाऊन पुन्हा कडू कोशिंबीर खावी लागणार, एवढंच समजलं होतं.

तू गेलीस तेव्हा गावात बटणाचा फोनही मोजक्या खिशांत होता. आता निंदायला जाणाऱ्या बाईच्या पिशवीतही डब्याशेजारी फोन असतो. स्वस्तातला टचचा फोन विकणं सोपं आहे असं लोकांना वाटतं. किंमत सांगितली की झालं. तसं नाही गं. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे त्याचा फोन चुकला तर तो दुसरा घेतो. बेताच्या माणसाचा चुकला तर तो चुकलेलाच फोन चार वर्षं वापरतो. म्हणून मी आधी विचारते, वावरात नेणार का घरी ठेवणार? वावरात नेणार असाल तर उन्हात पडदा दिसला पाहिजे आणि आवाज खणखणीत पाहिजे. घरी लाइट किती वेळ असते? कमी असेल तर बॅटरी मोठी घ्या, कॅमेरा कितीही डोळ्यांचा असो, त्याच्या नादी लागू नका. जागा जास्त असलेला घ्या, नाहीतर नातेवाइकांच्या सुप्रभाताच्या फुलांनीच तो आठ दिवसांत भरून जाईल. एवढं सगळं मी बोलते आणि लोक शांतपणे ऐकून घेतात, आणि शेवटी विचारतात, "निळा रंग हाय का?"

मागच्या आठवड्यात जऊळक्याहून एक बाई आली. तू गेलीस त्याच वयाची असेल. तिची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. बाई म्हणाली, "बटनाच्या फोनात आवाज येते, तोंड येत नाही. मले पोरीचं तोंड पाहाचं हाय. पोरगी जेवते का नाही, ते तोंडावर समजते." माल देणारा माणूसही तेव्हा दुकानातच होता, नव्या मालाचे डबे मांडत होता. त्याने लगेच एक पुढे केला, चमचमता, आणि म्हणाला, सध्या हाच चालतो. महागड्या फोनचा एकेक नमुना कंपनी काचेत ठेवायला देते, लोकांनी हाताळून पाहावा म्हणून. स्वस्त फोनला नमुना नसतो. तो बंद डब्यातच विकायचा आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन उघडायचा, अशी रीत आहे. मी डबा फोडला आणि फोन चालू करून बाईसमोर ठेवला. तिने दोन्ही हात पदराला खसाखसा पुसले, पुन्हा उलटे करून पुसले, आणि बोट लावलं. पडदा ढिम्म. तिने पुन्हा हात पुसला, आणखी जोर लावून, आणि पुन्हा बोट लावलं. काही नाही. सोयाबीन सोंगून सोंगून तिच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी ठक्क झाली होती, आणि जितकी ती पुसत होती तितकी अधिक कोरडी होत होती. मी बोट लावलं की फोन लगेच उघडायचा. तिने लावलं की जणू कुणी शिवलंच नाही. तिचा चेहरा उतरला. "रेशनच्या मशीनवर बी माहा अंगठा उमटत नाही. हे बी मले वळखत नाही. राहू दे बाई, आपल्यासाठी बटनच बरं." आणि ती पिशवी उचलून उठली.

फोन खराब आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं, माय. तिला वाटलं, आपला हातच खराब.

मला तू दिसलीस, फोन घेण्याआधी हात पुसणारी. आणि मेथीवरचं ते ओलं फडकं दिसलं. काच पुसायचा कपडा मी माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मावशी, बसा. हात पुसू नका. याच्यावर नुसतं बोट टेकवा, अन् मंग लावा." ती संकोचली. "नव्या वस्तूले ओला हात?" मी म्हटलं, लावा. तो पहिला फोन तिचं अर्धवटच ऐकायचा, एका ठिकाणी दाबलं की भलतंच उघडायचं. मी दुसरा डबा फोडला. त्यावर ओलं बोट चालायचं, पण जरा वाळलं की पुन्हा बंद. तिसरा फोडला, दिसायला साधा, काळा, पाठीला चमक नाही. तिने बोट टेकवलं आणि पडद्यावरची सगळी चित्रं एकदम सरकली. "उघडला व माय!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रसवंतीवाला पाहायला आला. ओलं बोट, वाळलेलं बोट, सगळं त्याला समजत होतं, आणि तो तिच्या आवाक्यातलाही होता. तिच्या बटणाच्या फोनातलं सिम मी त्यात घातलं आणि तिथूनच मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मुलगी पलीकडून म्हणते, "आई, तुहं नुसतं कपाळ दिसून राह्यलं, फोन खाली घे." आणि ही नागपूर लांब म्हणून घसा ताणून विचारते, "जेवली का?" मी तिला हळू बोला म्हटलं नाही. यावेळी मला अजिबात लाज वाटली नाही.

तो काळा फोन घेऊन ती गेली आणि काउंटरवर दोन फोडलेले डबे उरले. एकदा चालू केलेल्या फोनची वॉरंटी सुरू होऊन जाते, आणि फोडलेला डबा दुसरं गिऱ्हाईक हातात धरत नाही. माल देणाऱ्याने ते दोन्ही डबे माझ्याकडे सरकवले. माणूस वाईट नाही. दिवाळीला फराळ घेऊन येतो, मला ताई म्हणतो. तो म्हणाला, "ताई, तुमी धंदा करून राह्यले का समाजसेवा? फोडलेला डबा मी परत घेत नसतो. अन् तुमचं पाहून बाकीच्या दुकानात बी लोक म्हनतीन, आमाले बी फोडून दाखवा. मंग मी कोनाकोनाले सांगू? एक तं हे बंद करा, नाहीतं माल दुसरीकडून पाहा. आठ दिवसानं येतो, सांगा मले." मला माल आणून देणारं दुसरं कुणी नाही, हे त्याला माहीत आहे. मलाही माहीत आहे. हे आठ दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही, खोटं कशाला सांगू. हे दुकान उभं करायला मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक, आणि माल थांबला तर काचेचं रिकामं कपाट काय विकणार? बरं, तो म्हणतो त्यात चूक काय आहे? बंद डबा दिला, पावती फाडली, माझी जबाबदारी संपली. सगळे तसंच करतात. पण मग मी त्या बाईला डोळ्यांसमोर आणते. बंद डबा घेऊन ती जऊळक्याला गेली असती, घरी चटईवर बसून हात पुसत राहिली असती, आणि फोन उघडला नसता तर तो परत घेऊन माझ्याकडे भांडायला आली नसती. गुपचूप ट्रंकेत ठेवला असता आणि पोरीला सांगितलं असतं, मले जमत नाही. विकणारी मी आणि गुन्हेगार ती. तुझं ते बोलणं समजायला मला एवढी वर्षं लागली.

तर उत्तर ठरलं आहे. मी डबे फोडणार. दुकानात येईल त्या प्रत्येक स्वस्त फोनचा एक डबा मी स्वतःच्या खर्चाने फोडून काउंटरवर ठेवणार, शेजारी ओलं फडकं ठेवणार, आणि ज्याला घ्यायचा आहे त्याने आपल्या बोटाने आधी तो चालवून पाहायचा. ज्याच्यावर कष्टाचं बोट चालत नाही, तो फोन मी ठेवणारच नाही, मग त्याच्या पाठीला कितीही चमक असो. माल देणाऱ्याला पटलं तर चांगलं आहे, मी त्याला चहा पाजीन. नाही पटलं तर पहाटेच्या पहिल्या गाडीने वाशीमला जाईन, दुकानं फिरेन, आणि पाठीवर पिशवी अडकवून माल आणीन. तू डोक्यावर टोपलं घेऊन पायी यायचीस, माझ्या पिशवीला तर पट्टे आहेत. मला भीती वाटते आहे, पण मागे सरणार नाही.

त्याच्या मोटरसायकलचा आवाज येतो आहे, वेळेआधीच आला. हा कागद मी वाळलेल्या फडक्याखाली सरकवून ठेवते. तो कुठे पाठवायचा हे काही मला माहीत नाही. पण एक कबूल करायचं राहिलं आहे. त्या काकड्यांची कोशिंबीर वाढताना तू माझ्याकडे पाहून विचारायचीस, "कडू लागून राह्यली का व?" आणि मी मान हलवून नाही म्हणायचे, वरून आणखी थोडी मागून घ्यायचे. कडू होती, माय. फार कडू होती. आता तो आत येईल, त्या दोन फोडलेल्या डब्यांकडे बोट दाखवेल आणि विचारेल, नुकसान झालं ना ताई? तेव्हाही मी नाहीच म्हणणार आहे.