वसईचा वीर, मुक्काम कन्नड

बजाजनगर,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थरूप सांडूतात्यांच्या चरणी पुतण्या सुदर्शनचा दंडवत. इकडं सगळं ठीक, आईचे गुडघे सोडून. तुमचा मोतीबिंदू पिकला का, ते कळवावं. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला.

विषय आपल्या घराण्याच्या वीराचा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुम्ही आईला भेटायला आलात. तुमची सून सुरेखा देव उजळत होती, आणि टाकांमधला एक तुम्ही उचलून डोळ्याशी धरलात. अंगात दोन भाले घुसलेला माणूस. हाच लढाईत पडलेला आपला पूर्वज, असं तुम्ही जाहीर केलंत आणि चहा अर्धा टाकून त्याला रुमालात बांधून कन्नडला नेलंत. (आमचं कुणाचं काही चाललं नाही. तुमच्यापुढं चालतं कुणाचं?) आता म्हणे भावकी दर्शनाला येते, वीराला घोडाही मिळालाय, आणि मागच्या आठवड्यापासून तो एकटा चाळीस जणांना भारी पडलाय.

तर तात्या, तो टाक नाही. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या अमृता लोपीसचं ते पदक आहे. ही वसईची ख्रिस्ती पोरगी, इथं दवाखान्यात नर्स. भादव्यात आई तापानं फणफणली तेव्हा हिनंच तिला उचलून बसवलं, आणि त्या ओढाताणीत हिच्या गळ्यातली साखळी तुटली. साखळी सापडली, पदक नाही. ते पुढं सुरेखाला पलंगाखाली झाडताना मिळालं. झिजलेला माणूस, भाले. अशी वस्तू आपल्यात जमिनीवर राहू देतात का? तिनं धुऊन, हळदकुंकू लावून देवघरात बसवलं. अमृता वर गादी उसवून शोधत होती, खाली आम्ही फुलं वाहत होतो. (तिनं सांगितलं होतं, क्रूसावरचा संत आहे. आम्हीही बिचारे घरभर क्रूसच शोधत होतो. पदकावरचा क्रूस झिजून गेलेला, देवघरात तर वीर होता.)

काल तिनं मोबाईलवर तिच्या आईचा फोटो दाखवला. गळ्यात आपला वीर! मी खाली येऊन दोन तांबे पाणी प्यालो. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, जपानकडं व्यापार करायचा, मग सगळं सोडून साधू झाला, दुसऱ्या साधूंचा दुभाष्या झाला. सव्वाचारशे वर्षांपूर्वी नागासाकीला त्याला क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. म्हणजे वीर खरा आहे तात्या, फक्त आपला नाही. आणि घोडा नव्हता.

अमृताची आई गेल्या साली वारली. ते पदक तिच्या गळ्यातून हिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं. दिवाळीनंतर ही नोकरीला कुवेतला चाललीय. तिच्याकडं बघवत नाही, मला लई वाईट वाटतं. तेवढं पदक परत द्या. भावकीला काय सांगायचं ते मी बघतो.

आपला,
सुदर्शन

ता.क. वरचं पत्र टाकायची हिंमत झाली नाही. पाडव्याला तुमच्याकडं आलो होतो, तेव्हा जेवून तुम्ही आडवे झालात आणि मी पदक काढून आणलं. अमृतानं ते मुठीत धरलं आणि आमच्या आईच्या गळ्यात पडून रडली. मंगळवारी गेली कुवेतला.

ता.क. २. जागा रिकामी ठेवली नाही. सराफ्यातून नवा टाक आधीच करून नेला होता, तो बसवला. दोन्ही भाले आहेत. सोनारानं विचारलं, चेहरा कुणासारखा काढू? पाकिटात फोटो एकच होता, वडिलांचा, आपल्या अण्णांचा. बांधाच्या भांडणानंतर तुम्ही ह्या सख्ख्या थोरल्या भावाचं तोंड पाहिलं नाहीत, मातीलाही आला नाहीत. परवा तुम्हीच फोनवर म्हणालात, वीराच्या पाया पडताना हल्ली भरून येतं, चेहरा ओळखीचा वाटतो. असू द्या.

ता.क. ३. विनंती एकच. अमावस्येला वीराला मटणाचा नैवेद्य दाखवता, तो बंद करा. अण्णा माळकरी होते.