डोरीनच्या नावाचं पार्सल

३ मार्च १९८७
कॅसेट क्लबचा मेंबर झालो. एका पेनीत डझनभर कॅसेट! पेनी कार्डावर चिकटवून पाठवायची. मूर्ख लेकाचे. नियम सोपा: दर महिन्याला ते कार्ड धाडणार. ‘नको’ लिहून परत केलं नाही, की होकार समजून नवी कॅसेट दारात, बिलासकट. मला काय फसवणार? जन्म धान्याच्या वजनकाट्यावर गेलाय माझा.

११ एप्रिल
कार्ड राहून गेलं. पोल्का आला, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं संगीत. लावला. डोरीन बहिणीकडे गेल्यापासून घरात पहिल्यांदाच जरा जाग आली. ठेवून घेतला. यापुढे मात्र कार्ड वेळेवर. म्हणजे वेळेवर.

९ मे
पुन्हा पोल्का. चूक टपालखात्याची.

१६ मे
नवी ऑफर: मित्राला मेंबर करा, चार कॅसेट फुकट. मित्र आठवत बसलो. शेवटी पोस्टमन डेल्बर्टला विचारलं. तो म्हणाला, मला नको बाबा तुझ्या भानगडीत ओढूस. मग डोरीनचं नाव टाकलं, पत्ता आपलाच. कायद्याने अजून बायकोच आहे. परत आली की कॅसेट तयार. ओमाहाला बहिणीकडे किती दिवस राहणार माणूस?

२० जून
माझ्या चार आल्या. डोरीनचं पार्सल नाही. डेल्बर्टला झापलं. तो म्हणाला, अरे शहाण्या, जातानाच तिने पोस्टात नवा पत्ता दिलाय. तिच्या नावाचं सगळं ओमाहाला जातं. तुला माहीत नव्हतं? म्हटलं, होतं की!
विचार केला तर झकासच झालं. भेट आपोआप पोचली. आता ती फोन करणारच.

४ जुलै, रात्र
शेजारी स्वातंत्र्यदिनाचे फटाके, मक्याची कणसं, हसणं. मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेलो नसतो. फोन आला तर?

२२ ऑगस्ट
फोन आला! डोरीनचा! म्हणाली, व्हर्नन, हा पोल्का थांबव. दर महिन्याला कॅसेट, वर बिल. मी हसत समजावलं: कार्डावर ‘नको’ लिहायचं असतं गं, गप्प बसलं की ते होकार धरतात.
 ती म्हणाली, तूही तेच केलंस ना रे? मी गप्प बसायचे, तू होकार धरायचास. आता तोंडाने सांगते, मी येणार नाही.
मी ‘बरं’ म्हणालो. तिने फोन ठेवला.
रडलो. आता कुणाची वाट बघायची?