जिघांसू जावई

३ फेब्रुवारी १८८७, ठाणे.
कचेरीतल्या संस्कृत कोशात आज एक शब्द सापडला. जिघांसू, म्हणजे ठार मारण्याची इच्छा असलेला. अंगावर काटा आला. हा तर मीच! उगाच नाही मी ढेकणांकडे तसा बघत. शेजारच्या मेजावरच्या राघोला सांगितलं. तो म्हणाला, आधी माझी दौत परत कर.

५ फेब्रुवारी.
तेरा तारखेच्या रविवारी बाळाचं जावळ. देवीला कोंबडा द्यायचा, आणि आमच्या घराण्याची रीत अशी की सुरी बापाच्याच हाताने चालायची. सासरे गोपीनाथराव कल्याणहून मुद्दाम येणार. रिटायर फौजदार. लग्नातच मला शेळपट म्हणाले होते, ते अजून बोचतं. मला जमलं नाही तर मान धाकट्या जावयाला, उत्तमरावाला. तो मिशा पिळत सुरी मागणार! छे. मी जिघांसू आहे, चिंता नाही.

७ फेब्रुवारी, सकाळी.
कोंबडा आला. तांबडा, माजोरी. त्याला शब्द अर्थासकट ऐकवला. माझ्या पायावर शिटला.

८ फेब्रुवारी.
दुधीवर प्रॅक्टिस. बोट कापलं. रक्त पाहून जरा आडवा झालो, पण ते उपाशीपोटामुळे. आमच्या हिने, सगुणेने, हळद दाबली.

१० फेब्रुवारी.
कोंबडा आता माझ्या हातून दाणे खातो. सावज गाफील ठेवायचं, हा डावपेच. नाव दगडू ठेवलं. नुसतं हाक मारायच्या सोयीसाठी.

१२ फेब्रुवारी.
सगुणा म्हणाली, अहो, झेपत नसेल तर आत्ताच सांगा. मी कोश उघडून दाखवला. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी.
ऊन फार होतं. सगळे गोल करून उभे. सुरी हातात घेतली. दगडूने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. पुढचं आठवत नाही.
शुद्धीवर आलो तेव्हा वाटण भाजल्याचा वास येत होता. सगुणेने म्हणे माझी मूठ आपल्या मुठीत धरली आणि काम उरकलं. म्हणजे हात बापाचाच. रीत पाळली गेली, उत्तमराव मिशा पिळत राहिला. सासऱ्यांनी शाबासकी दिली, मुलीला.
कोशात 'इच्छा असलेला' एवढंच म्हटलंय. मारलंच पाहिजे असं कुठे आहे?
मी नुसता भात खाल्ला. पोट बरं नव्हतं.

१४ फेब्रुवारी.
राघो काल जेवायला होताच. आज कचेरीत त्याने सगळ्यांना जिघांसू शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगितला. उदाहरण म्हणून सगुणावहिनींचं नाव घेतलं. सगळ्यांना लगेच कळलं.