बिनवायरच्या मशीनचे गुणदोष

गुरुवार, २ ऑगस्ट १९७९. रिसोड

आज शांतीलाल शेठच्या घरी आलो, मी आणि भुरीबाई. अनसिंगहून निघताना पाऊस थांबला होता, त्यामुळे गाठोडे कोरडे राहिले. परसातली खोली पक्की आहे, दाराला आतून कडी आहे. भुरीबाईने आल्या आल्या चुलीची जागा ठरवून टाकली. ऊसतोडीचा कोयता आता आम्हाला झेपत नाही, आणि मुलीच्या, बेबीच्या घरी तिचेच भागत नाही. ही खोली सुटली तर जायला जागा नाही. हे मी भुरीबाईला सारखे बजावत होतो. ती म्हणाली, बेबीचे बाबा, आधी चहा प्या, मंग घाबरा.

काम नवलाचे आहे. शेठचा मुलगा फूलचंद अमेरिकेत मशीनच्या कारखान्यात आहे. त्याने धूळ ओढून घेणारे मशीन पाठवले आहे, तेही बिनवायरचे. बाजारात अजून आलेले नाही, आले तरी श्रीमंतांनाच परवडेल. ते घरात आणि धान्याच्या कोठारात चालवायचे आणि त्याचे गुणदोष लिहून ठेवायचे. मी चौथी शिकलेला, म्हणून काम मला मिळाले. घरातले कोणी त्याला हात लावत नाही. चातुर्मास सुरू आहे आणि मशीनने किडामुंगी मरेल अशी शेठच्या आई सूरजबाईंना धास्ती आहे. या घरी मऊ कुंच्याने, जीव बाजूला सारत झाडतात.

शनिवार, ४ ऑगस्ट

गुण: वायर पायात येत नाही. जिना, कपाटाचा माथा, पोत्यांची फट, सगळीकडे हात पोचतो. वजनाला हलके, माझा खांदा दुखला नाही. भिंतीवरच्या खाचेत अडकवले की चार्ज होते.

दोष: चार्जिंग लवकर उतरते. अर्धे कोठार झाले न झाले तोच आवाज बारीक होतो. वीज गेली की खाच काही कामाची नाही. पिशवी लहान आहे. ब्रशात केस गुंडाळतात, ते काढताना काही मोडले तर माझ्यावर येईल, याचीच काळजी.

सूरजबाईंनी पिशवी परसात पांढऱ्या कापडावर उघडायला लावली आणि स्वतः वाकून पाहिले. मुंग्या, धान्यातले पोरकिडे, एक झुरळ. सगळे चालत होते. बाई फार खूश झाल्या. म्हणाल्या, एक बी मेलं नाई, आपल्या कुंच्यापरीस हेच बरं. खोलीत आल्यावर भुरीबाई म्हणाली, मंग मशीनलेच देव्हाऱ्यात बसवा म्हना.

बुधवार, ८ ऑगस्ट

मुंग्यांचे काहीतरी बिघडले आहे. कापडावरून उतरल्या, गुळाच्या खड्याजवळून गेल्या, एकही थांबली नाही. पिशवीतून एक पाल निघाली, ती भिंतीवर बसून आहे. तिच्या तोंडासमोर माशी बसली, उडाली, परत बसली. पालीने डोळाही हलवला नाही.

गुण: काल वीज नव्हती, मशीन चार्ज झाले नाही, तरी आज पूर्ण कोठार झाले आणि आवाजही बारीक झाला नाही. शेठ म्हणाले, हे ठळक लिहा.

सोमवार, १३ ऑगस्ट

तुरीच्या पोत्यात उंदराची पिल्ले सापडली, डोळे न उघडलेली. सूरजबाई म्हणाल्या, मशीनने ओढा आणि शेतात नेऊन सोडा. मी बांधावर सोडली. मातीत ती श्वास घेत होती. पण ऊब शोधत नव्हती. एकमेकांना चिकटत नव्हती. मी एकाला दुसऱ्याजवळ सरकवले, तरी जसे ठेवले तसेच पडून राहिले.

आता मशीन खाचेत ठेवावेच लागत नाही. ओढलेल्या जिवांच्या आतून काहीतरी निघून मशीनमध्ये जाते आणि त्यावर ते चालते, असे मला वाटते. सूरजबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, जितं हाये ना? मंग कायले भेतं?

शुक्रवार, १७ ऑगस्ट

पर्युषण जवळ आले. भुरीबाई अंगणात डोके खाजवताना सूरजबाईंना दिसली. या घरात ऊ नखावर मारणे म्हणजे पाप. बाई म्हणाल्या, मशीन फिरव तिच्या डोक्यावरून, उवा जित्या निघतील, तिलेबी आराम. मी हात जोडले. मशीन चांगले नाही म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, मंग खोली रिकामी कर, बापा. सणात उवा घेऊन नाई राह्यता येत.

भुरीबाईला मी काहीच सांगितले नाही. ती माझ्याकडे पाठ करून बसली, केस मोकळे सोडले. हसत होती. म्हणाली, अमेरिकेची फणी नशिबात होती माह्या.

मी बटण दाबले.

शनिवार, १८ ऑगस्ट

उवा कापडावर जिवंत निघाल्या. सूरजबाईंनी साऱ्यांना दाखवल्या.

भुरीबाई खोलीत बसून आहे. चहा दिला, तो हातातच थंड झाला. तोंडाला लावला तर पिते. हाक मारली तर पाहते. मला नाही, आवाज जिथून आला तिथे पाहते. चूल पेटवायला बसवली तर काडी हातात धरून राहिली, बोट भाजेपर्यंत.

मंगळवार, २१ ऑगस्ट

मशीन चालू आहे. मी बंद करेपर्यंत थांबतच नाही. चार्ज नाही, काही नाही. जितके चालवतो तितकी भुरीबाई बारीक होते आहे, अंगाने नाही, कशी ते लिहिता येत नाही. कालपर्यंत झोप आली की आडवी तरी व्हायची. आज तेही नाही.

सूरजबाई म्हणतात, पाहुणे येणार, सगळे घर मशीनने झाडून काढ. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं, दुसरा माणूस आणतो. दुसरा कोणी चालवेल तर तो जपून चालवणार नाही. म्हणून मीच चालवतो. थोडे थोडे. मोडूही शकत नाही. ती त्यातच आहे.

गुरुवार, २३ ऑगस्ट

आज दुपारी मशीनने ओसरी झाडून काढत होतो. भुरीबाई माझ्या मागे उंबऱ्यावर. मशीनच्या मागच्या जाळीतून गरम वारा येतो, तो तिच्या तोंडावर गेला. तिने डोळे मिटले. म्हणाली, चहा ठेवू काय.

एवढेच. मी बंद केले, ती पुन्हा तशीच.

पण म्हणाली.

शुक्रवार

मशीनचे पुढचे तोंड माझ्या डोक्याला लावले. मागची जाळी तिच्या तोंडासमोर. थोडा वेळच.

ती रडली. माझे नाव न घेता मलाच शिव्या दिल्या — चूल कोणी विझवली, केस कोणी असे केले, माहे बोट कायनं भाजलं. किती बरे वाटले. 

आम्ही ज्या गावाहून आलो त्याचे नाव आठवत नाही. वर लिहिले असेल. बघायचा कंटाळा आला.

शनिवार

पुन्हा लावले. आज जास्त वेळ. ती उठली. पाणी आणले. अजून पुरी आली नाही, जरा कमी आहे — हसत नाही. हसली की मी थांबणार.

सूरजबाई दारात आल्या, पाहून गेल्या. म्हणाल्या, शहाणा हायेस, आपल्याबी उवा काढून घेतल्या.

गुण — वायर नाही. दोष — 

दोष आठवत नाही.

आज

लावले.

समोर एक म्हातारी आहे. चुलीपाशी. चांगली दिसते. मघा हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. माझे खांदे धरून हलवते. विचारते, बेबीचे बाबा कुठी गेले, सांगा ना, बेबीचे बाबा कुठी गेले.

तिला सांगितले, बाई, मी इथे नवा आहे, मला कोणी बेबी माहीत नाही. ती मोठ्याने रडते आहे. कोणीतरी तिच्या माणसाला शोधून द्या, तो इथेच कुठे तरी —