पिठी मांजर आणि जहागीरदार बोका यांचे एकाच दिवशी ऑपरेशन करणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
प्राणी विभाग, नगर कार्यालय,
तळमजला, जिन्याखालची खोली.

अर्जदार : पिठाची गिरणीवाली, कार्यालयामागची गल्ली.

विषय : अर्जदाराच्या मांजरीचे निर्बीजीकरण आजच करणेबाबत, आणि आपल्या बोक्याचेही.

संदर्भ : मिळालेली तारीख अलीकडे आणावी म्हणून अर्जदाराने केलेले मागील तीन अर्ज. पैकी पहिला आपल्याकडे हरवला, दुसरा भिजला (कशाने, ते कलम ४ मध्ये), तिसऱ्याचे उत्तर आले ते कुत्र्याच्या परवान्याचे होते.

महोदय,

१. अर्जदार ही गिरणी चालविणारी बाई असून तिच्याकडे पिठी नावाची पांढरी मांजर आहे. गिरणी म्हटली की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आली. पिठीच्या कामात आजवर खोट काढायला जागा नव्हती; पोटच्या मुलग्यांबद्दल अर्जदार असे लेखी देऊ शकत नाही. हा अर्ज कुणा शिकलेल्याकडून लिहून घ्यावा, असे धाकट्या सुनेने सुचविले होते. परंतु अर्जदाराला दुसऱ्याच्या हातचा चहा चालत नाही, तिथे अर्ज कुठून चालणार.

२. आपल्या दारावर पाटी आहे : ‘जबाबदार मालक मांजरीचे निर्बीजीकरण करून घेतो.’ पाटी खरी आहे. दर खेपेला चार-पाच पिल्ले होतात. निम्मी कुणी नेत नाही, आणि जी नेतात ती वर्षाच्या आत स्वतः पिल्ले घालतात; गल्लीत पाय टाकू तिथे म्याव. ऑपरेशन झालेली मांजर घर धरून राहते, अंगाने भरते, तिला गाठींचा त्रास कमी होतो, हे आपल्याच डॉक्टरीणबाईंनी अर्जदाराला बसवून समजाविले. म्हणून अर्ज केला. तारीख मिळाली तीन महिन्यांनंतरची. मांजरीचे दिवस भरतात दोन महिन्यांत. यातली मेख जात्याच्या दगडालाही कळेल. तारखेला पिठीला टोपलीत घालून आणावी, तर ती एक तर गाभण, नाहीतर अंगावर पिल्ले. आणि गाभण किंवा पाजणारी मांजर घ्यायची नाही, हा आपला नियम. मग तारीख रद्द, नवा अर्ज, नवी तारीख, नवी पिल्ले. खिडकीवरचे कारकून दर वेळी म्हणतात, “मावशी, पुढच्या वेळी रिकामी आणा.” जणू डबाच आहे!

३. मागच्या खेपेला पिठीचे पिल्लू अडले. डॉक्टरीणबाईंनी ते सोडविले आणि तोंडावर सांगितले, “आजी, आणखी एक बाळंतपण झालं तर ही राहायची नाही.” आता पिठी उचलली तर रिकाम्या पिशवीसारखी लागते. उंदीर समोरून जातो, ती नुसती बघते. अर्जदाराने स्वतः सहा बाळंतपणे काढली आहेत. तेव्हा तिला कुणी विचारले नव्हते. पिठीला विचारणारे कुणीतरी असावे, एवढेच म्हणणे आहे. थोरला मुलगा म्हणतो, “आई, निसर्गाच्या कामात हात घालू नये.” निसर्गाने केलेले निस्तरायला निसर्ग येत नाही. गुडघे धरून अर्जदारच उठते.

४. आता पिल्लांच्या बापाविषयी. प्रत्येक खेपेला पिल्लांची शेपटी टोकाशी वाकडी निघते, कोयत्यासारखी. अशी शेपटी आसपास एकाचीच आहे. एका कानाने फाटका, पिवळा, गलेलठ्ठ असा तो बोका आपल्या कार्यालयात राहतो. आपले कर्मचारी त्याला जहागीरदार म्हणतात. तो आपल्या फायलींच्या कपाटावर झोपतो, आपल्या डब्यातला मासा खातो, आणि वर सांगितलेल्या पाटीखालूनच फिरायला बाहेर पडतो. हद्द आपली आहे हे दाखवायला तो शेपटी ताठ करून ज्या गठ्ठ्यावर फवारा मारतो, त्यातच अर्जदाराचा दुसरा अर्ज होता. बोक्याचे ऑपरेशन केले की हे फवारे, मारामाऱ्या, भटकणे बरेच थांबते, असेही डॉक्टरीणबाई सांगतात. त्या आपल्याच कार्यालयात बसतात, पण त्यांना तिथे कुणी विचारलेले दिसत नाही.

५. आधी याचे ऑपरेशन करा, अशी विनंती अर्जदाराने तोंडी केली. तेव्हा खोलीतल्या तिन्ही पुरुषांनी एकदम मांड्या आवळल्या. शिपाई म्हणाला, “अहो आजी, बिचारा पुरुषजात आहे, त्याचं कशाला?” पिठीच्या पोटाला चिरा द्यायचे बोलणे चालले होते, तेव्हा यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. कारकुनांनी मग नियम काढला. बोका पिल्ले घालत नाही, सबब तो योजनेत बसत नाही. शिवाय तो कार्यालयाचा नाही, मग मालक म्हणून सही कोण करणार? बरे, त्याला हाकलावे तर तेही नाही, उंदीर फायली खातील. म्हणजे मासा खायला तो आपला, आणि सही करायला कुणाचाच नाही. अशी माणसे अर्जदाराच्या नात्यातही आहेत.

पिठीला कोंडून ठेवा, असाही सल्ला मिळाला. गिरणीचे दार दिवसभर उघडे असते हे एक. दुसरे असे की, उनाडक्या करणारा मोकळा आणि कोंडायचे तिला, ही रीत अर्जदाराला लहानपणापासून ठाऊक आहे. पटली कधीच नव्हती.

६. सबब अर्जदाराने उलटे केले. पिल्ले दुधावरून तुटली आणि जहागीरदार लगेच वास काढत गिरणीत हजर झाला. अर्जदाराने मागून दार ओढले आणि त्याला पोत्यांच्या खोलीत कोंडले. तिथे तो खाऊनपिऊन सुखरूप होता. दाराला ओरखडे काढले तेवढेच. आपल्याकडे बोका हरवल्याची शोधाशोध चालू आहे असे कळते. तो हरवलेला नाही. आणि तो कोंडला होता म्हणूनच पिठी आज पहिल्यांदा रिकामी आहे. तिचे दूध आटले आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून ‘आज करता येईल’ असे लिहून दिले आहे. आज सुटले तर मग पिठी नाही, अर्जही नाही.

तरी कृपावंत होऊन दोघांनाही आजच आत घ्यावे. ऑपरेशनसाठी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोघेही उपाशी आहेत. जहागीरदाराची बोंब आपल्या टेबलापर्यंत येतच असेल. त्याच्या कागदावर मालक म्हणून अर्जदाराने सही करून ठेवली आहे. आपली हरकत असल्यास ती खोडून आपण स्वतःची करावी. मात्र मग ही वाकड्या शेपटीची लेकरेही आपल्याच घरची, हे ओघाने आले.

अर्जदार जिन्यासमोरच्या बाकावर बसली आहे. आज गिरणी बंद आहे. का बंद आहे, ते दळण घेऊन आलेल्या बायकांना नीट सांगितले आहे. त्या डब्यांसकट मागून येत आहेत.

आपली नम्र (निदान दुपारपर्यंत),
गिरणीवाली
(सही स्वतः केली आहे, अंगठा नाही)

दिनांक : आजचा. पुढचा नको.

सोबत :
१) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२) पिठी, झाकणाची टोपली. हळू उचलावी.
३) जहागीरदार, दोरीने बांधलेली टोपली. शिपायाने रडू नये.
४) पिल्ले चार, मूळ प्रती. शेपट्या पडताळून पोच द्यावी.