आपलं, आमचं आणि माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौतीस, अविवाहित, व्यवसाय बालमानसशास्त्रातील संशोधन, राहणार तिसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे.

परवा सकाळी माझ्या डोक्यावर शस्त्रक्रिया आहे. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाला लागून आहे. "बोलण्यावर थोडाफार परिणाम होऊ शकतो," असे डॉक्टर म्हणाले. थोडाफार म्हणजे किती शब्द, असे मी विचारले. "असं मोजून नाही हो सांगता येत," ते म्हणाले. म्हणून शब्द हाताशी आहेत तोवर लिहीत आहे.

असा कागद राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहिल्याचे नमूद करायची रीत आहे. अक्कलहुशारीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राजी आहे. खुशीबद्दल खात्री नाही, म्हणून लिहीत नाही. दडपण कोणाचेही नाही. खोलीत दुसरे कोणी नाही.

संबंधितांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टंकून दिले आहेत. इथे मी ज्यांना जे म्हणते तेच लिहिले आहे. यातले मुख्य कलम घराचे आहे. आईवडिलांच्या घराचा माझा निम्मा हिस्सा दादाला कसा द्यावा, यासाठीच वकीलबाईंकडे इतक्या खेपा झाल्या. ते कलम शेवटाकडे येईल, कारण ते मला अजून नीट लिहिता आलेले नाही.

१. पूर्वीचे मृत्युपत्र नाही. तरी "पूर्वीची सर्व रद्द" असे लिहा, असे वकीलबाई म्हणाल्या. जे नाही ते रद्द कसे करू, असे मी म्हटले. "लिहा हो, सगळे लिहितात." तर असल्यास रद्द.

२. प्रयोगशाळेतले अस्वल व ससा, म्हणजे हातात घालून बोलवायच्या दोन बाहुल्या, माझ्या सहकारिणीस द्याव्यात. अस्वलाचा आवाज तीच काढते. माझ्या अस्वलाला मुले घाबरतात.

या बाहुल्यांवर माझे सगळे काम उभे आहे, म्हणून थोडे स्पष्ट करते. दोन बाहुल्या मुलासमोर बसतात, मध्ये चेंडू असतो. अस्वल एकदा म्हणते, "हा चेंडू आपला आहे." एकदा म्हणते, "हा चेंडू आमचा आहे." मग मूल चेंडूला हात लावते का, एवढेच मी बघते. तीन वर्षांचे मूल दोन्ही वेळा बिनधास्त उचलते. पुढे कधीतरी, कोणाचे आधी कोणाचे नंतर, 'आमचा' ऐकताच पुढे गेलेला हात थांबतो. आपण यात धरलेलो नाही, हे त्याला त्या एका शब्दावरून कळलेले असते. तो थांबलेला हात हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. एका मुलीने हात मागे घेतला आणि सशाला विचारले, "मी पण आमची होऊ का?" सहकारीण बाहुली तोंडाशी धरून हसली. मला ते उत्तर कुठल्याच रकान्यात घालता आले नाही.

३. मुलांची चित्रमुद्रणे पुसून टाकावीत. त्यांच्या आईवडिलांना मी तसा शब्द दिला आहे. सहकारीण म्हणेल, "एवढा ऐवज, वाया कशाला घालवायचा?" तरी पुसावीत.

४. माझ्या मार्गदर्शक सरांना माझा टेबलावरचा दिवा द्यावा. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "घरात बोलता तेवढ्यावर कुणी संशोधन करतं का?" दिव्याचे बटण सारखे अडकते. त्याच्याशी त्यांचे चांगले जमेल.

५. बँकेतील शिलकीतून प्रयोगशाळेसाठी जाड सतरंजी घ्यावी. फरशी गार आहे आणि मुले अनवाणी बसतात. उरलेले भाचीला. दादाची ही मुलगी सहा वर्षांची असून घरात तिला फौजदार म्हणतात. तिला मी एकही चाचणी दिलेली नाही. वहिनीने पहिल्याच वर्षी बजावले होते, "वन्सं, आमच्या पोरीवर तेवढे तुमचे प्रयोग नकोत." मी ते पाळले आहे. इतके पाळले, की फौजदार काही विचारायला लागली की मी स्वयंपाकघरात जाते.

६. साक्षीदारांबद्दल. साक्ष करणाऱ्याला या कागदातून काही मिळता कामा नये, असा नियम आहे. ज्यांना काही द्यावेसे वाटेल अशी माझी ओळख मोजक्याच माणसांशी आहे, आणि रात्री-अपरात्री ज्यांना सहीला बोलवावे अशीही तीच माणसे. त्यामुळे दोघांना यादीतून काढावे लागले. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंना माझी कापडाची कात्री द्यायची होती.

"म्हणजे सही केली की मला कात्री नाही?" त्या म्हणाल्या.

"साक्षीदाराला नाही देता येत."

"मग आत्ताच द्या की. जिवंत माणसानं द्यायला काय वकील लागतो?"

कात्री दिली आहे. ती मिळकतीत धरू नये. दुसरे साक्षीदार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातले काका. त्यांना काय द्यायचे होते ते आता लिहिण्यात अर्थ नाही.

७. घर. वडिलांची सारखी बदली होई, म्हणून आईने आम्हा दोघांना घरीच शिकवले. "शाळा दर वर्षी बदलेल, टेबल आपल्याबरोबर येईल," असे ती म्हणे. मी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा, आणि जेवणाचे टेबल, एवढीच शाळा. त्या शाळेत सगळे 'आपलं' होते. पेन आपलं, चूक आपली. एकट्या मला ताप आला तरी आई म्हणे, "आपल्याला आता औषध घ्यायचंय." दहाव्या वर्षी पहिल्यांदा बाहेरच्या शाळेत गेले तेव्हा बाकावरची मुलगी म्हणाली, "ही आमची जागा आहे." मी आनंदाने तिच्या शेजारी जाऊन बसले. वर्ग हसला. का हसला, हे मला दादाने घरी समजावून सांगितले. त्याने ते फार चांगले सांगितले होते.

पुढे वडील गेले, मग आई गेली. घर आमच्या दोघांच्या नावावर झाले. दादा आधीपासून तिथे राहतो. आई गेल्यानंतरच्या एका रविवारी मी न कळवता गेले. दादाने दार अर्धे उघडले आणि म्हणाला, "अगं, फोन करून यायचं ना, आमच्याकडे आज पाहुणे आहेत." तो रागाने बोलला नाही. त्याच्या ते लक्षातही आले नसेल. पण माझा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता आणि तो थांबला. हे कसे दिसते हे मला कामामुळे माहीत आहे.

त्यानंतर दादाने हक्कसोडपत्र पाठवले, म्हणजे मी माझा हिस्सा त्याच्या नावे सोडते असा कागद. फोनवर दर वेळी विचारतो, "तो कागद बघितलास का?" मी म्हणते, बघते. मला हिस्सा नको आहे. तरी तीन वर्षे सही केली नाही, कारण तो हिस्सा आहे तोवर दादाला मला फोन करावा लागतो.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: दादाने मला उद्देशून त्या घराला एकदा तरी 'आपलं घर' म्हटले असल्यासच माझा हिस्सा त्याला मिळावा. वकीलबाईंनी चष्मा काढला.

"हे कुणी ऐकायचं? तुम्ही तर नसणार."

"तोवर म्हटलेलं असलं तर."

"आणि मी त्यांना ही अट सांगितली तर?"

"मग तो म्हणेल. पण ते धरायचं नाही."

"का?"

"सांगून म्हणून घेतलेलं उत्तर आम्ही मोजत नाही."

"मग तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी बघितले. मुलांना मी कधी उत्तर सुचवले नाही, तेव्हा भावालाही सुचवणार नाही. अट काढली आहे. घराचा माझा निम्मा हिस्सा दादाला, विनाअट.

८. या कागदाचा अंमल करणारा म्हणून दादाला नेमते, त्याची तयारी असल्यास. तशी संमती तोंडी घ्यावी, असे वकीलबाई म्हणतात. त्यासाठी मला त्याला फोन करावा लागेल. शस्त्रक्रियेचे त्याला अजून सांगितलेले नाही.

जादा मजकूर, त्याच दिवशी संध्याकाळी:

फोन केला. "काय गं, बघितलास का कागद?" त्याने विचारले. मी शस्त्रक्रियेचे सांगितले.

"कधी आहे?"

"परवा सकाळी."

"आणि आज सांगतेस? शेजारपाजारच्यांना माहीत असेल."

"साक्षीला लागले म्हणून सांगितलं."

"कसली साक्ष?" त्याने फोनवर हात ठेवला. पलीकडे वहिनीचा आवाज, कपाटाचे दार, फौजदारचे "कुठे जायचंय? मला का नाही सांगत?" मग तो पुन्हा आला. "आम्ही येतोय," म्हणाला. "आत्ता निघतो. जेवू नकोस, येताना आणतो."

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य तपासले. त्यात दुसरा शब्द बसत नाही. 'आपण येतोय' असे त्याला म्हणताच आले नसते. मी तर इथेच आहे. दुसरीकडून निघून जो माझ्यापर्यंत येणार, त्याला 'आम्ही'च म्हणावे लागते. इतक्या वर्षांत हे वाक्य मी एकाही मुलासमोर ठेवले नाही. अस्वल दर वेळी चेंडूपाशी बसूनच बोलले.

या मजकुराने कलम ७ मध्ये काही बदलत नाही. कलम ८ची संमती विचारायची राहिली. तो आल्यावर विचारीन.

स्थळ: माझी खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: औषधाच्या दुकानातले काका (सही)

साक्षीदार २: शिवणवाल्या ताई. (सर्व वाचून दाखवले. खोलीत एकच खुर्ची आहे आणि माणसे तीन येणार, म्हणून त्या खालून खुर्च्या आणायला गेल्या आहेत. परत आल्या की सही करतील.)